मेंढ्यांसमोर तालीम

गुरुवारी धुकं नसलं, विमान उतरलं,
तर अ‍ॅबर्डीनहून डॉक्टर येतील कर्कवॉलला.
चार महिन्यांतून एकदा. पंधरा मिनिटं मिळतात,
त्यातली तीन कोट काढण्यात आणि वाऱ्याबद्दल बोलण्यात जातात.
उरली बारा.

म्हणून पहाटे तीन वाजता मी मेंढवाड्यात
पालथ्या बादलीवर बसून बोलून बघतेय:
"डॉक्टर, मला पंप हवाय."
काळ्या तोंडाची एक रवंथ थांबवते,
बघते,
पुन्हा चघळायला लागते.

फार थेट झालं का?
"डॉक्टर, म्हणजे, जर शक्य असेल, तर कदाचित"
नको. आई असंच बोलायची बँकेत,
आणि रिकाम्या हातानं परत यायची, वर आभार मानून.

सव्वीस वर्षं टोचतेय.
पोटावर दोन्हीकडे गाठी, उकडलेल्या वाटाण्यांएवढ्या.
इन्सुलिन तिथं मुक्काम ठोकतं
आणि निघतं भलत्याच वेळी, न सांगता.
बोटांची तर चाळण झालीय. थंडीत थेंब येत नाही,
तेव्हा गाभण मेंढीच्या काखेत हात शेकून घेते.
हे बहुधा सांगू नये.

सांगायचं ते असं:
मार्चमधली रात्र. कोकरू आडवं आलेलं,
माझा हात कोपरापर्यंत आत,
आणि कडेकडेनं सगळं विरघळायला लागलं.
मला वाटलं, दिवाच बिघडलाय.
एक पाय सापडला, दुसरा सापडेना,
मग पाय म्हणजे काय तेच सापडेना.
मॅग्नसनं, नऊ वर्षांचा आहे तो,
रुबार्बचा जाम बोटावर घेऊन माझ्या हिरड्यांना चोळला,
जसा मी अर्धमेल्या कोकराला चीक चाटवते तसा.
मीटरवर एक पॉइंट नऊ.

कोकरू जगलं.
मॅग्नस आता दार उघडं ठेवून झोपतो,
मध्येच उठून येतो, माझ्या कपाळाला हात लावतो,
आणि मी झोपल्याचं सोंग करते.
इथं आवाज फुटतो माझा. मेंढ्यांपुढेसुद्धा.
हे वाक्य पुन्हा म्हणून बघायला हवं.

आता डायरी.
आजवरच्या सगळ्या मी आदल्या रात्री भरल्यात,
स्वयंपाकघरात बसून, एकाच निळ्या पेननं,
सहा, सात, साडेसहा, सात,
शहाण्या मुलीचे आकडे.
डॉक्टर पान उलटायचे, "छान" म्हणायचे.
जिचं सगळं छान आहे तिला पंप कोण देणार?
ह्या वेळची खरी आहे. तीन रंगांची शाई, मध्येच पेन्सिल,
आयोडीनचा डाग, कोपऱ्यांवर वाळलेलं रक्त,
थोडं माझं, थोडं नाही.
सतरा. दोन पॉइंट चार. एकवीस.
पुढे कोरं, तेव्हा मी बसल्या जागी झोपले होते.

विचारतील, जमेल का? मोजमाप लागतं, हिशेब लागतो.
म्हणेन, कोकराला किलोमागे किती औषध
ते झोपेतून उठवून विचारा.
बटाटा काट्यावर ठेवायच्या आधी हातात तोलून सांगते,
चार-पाच ग्रॅमचा फरक.
म्हणतील, पंप म्हणजे जादू नव्हे.
ठाऊक आहे. नळी निसटेल, मेंढी धडक देईल,
मध्यरात्री बोंबलेल तो.
बोंबलू दे. कुणीतरी बोंबलायला हवंच,
मुलाऐवजी.

कोपऱ्यातली पायानं पेंढा उकरतेय. भरत आली तिची वेळ.
उठते. आधी बोट टोचते:
पाच पॉइंट आठ.
इतका चांगला आकडा, आणि पेन सापडत नाही.
मेंढ्यांना खूण करायच्या लाल खडूनं
दारावरच लिहून ठेवते,
वेळेसकट.