हातचा

अंबड लिंक रोडला, भंगारवाल्याच्या पलीकडे
माझं शटर. पाटीवर मोबाइल नंबर
आणि खाली: पिकअप वाढवून मिळेल.

लग्न ठरलेली पोरं येतात, टूरवाले येतात,
कसाऱ्याच्या चढाला मागे पडून चिडलेले.
सगळ्यांना वाटतं, कंपनीनं काहीतरी चोरून ठेवलंय.
मीही सांगायचो,
ताकद आहे आत, दादा. झोपवून ठेवलीय.

स्टिअरिंगखाली केबल, बॅटरीला चार्जर,
आणि लिहिण्याआधी वाचायचं.
आहे ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं.
साडेसहाशे गाड्यांचं मूळ माझ्याकडे पडलंय
एका हार्ड डिस्कवर, शेंगदाणा चटणीच्या डब्यात.

मार्चमध्ये निकुंभ आले. चंदेरी गाडी,
चौदा वर्षांची, सीटवर टर्किश टॉवेल.
वाढवायचं नाही, म्हणाले. बघायचंय फक्त.

तक्ता उघडला. आडवे फेरे, उभा दाब,
घराघरात डिझेल, मिलिग्रॅममध्ये.
चष्मा कपाळावर सारून
पडद्याला नाक लावून वाचत गेले.
"हा माझा. हा पण.
हा कुलथ्याचा, तो सगळं पाचाच्या पटीत भरायचा."

सातपूरच्या डायनोवर, रात्रपाळीत,
कानात बोळे घालून भरलेले आकडे.

मग एवढं हातचं का राखलंत, मी विचारलं.
बोट सरकत गेलं:
हे बाडमेरच्या उन्हाला.
हे रॉकेल मारलेल्या डिझेलला.
हे, ऑइल बदलायचं विसरतो त्याला.
आणि हे... आठवत नाही आता,
पण असेलच कुणीतरी.

मी कळ दाबायची म्हणून एक कळ दाबली.

अठराशेच्या रकान्यावर ते थांबले.
"इथे अडखळते. भांडलो होतो मी.
साहेब म्हणाले, धूर होईल, राहू दे.
बरोबरच होतं त्यांचं, त्या वेळच्या डिझेलला.
पण आता जमेल."

सहा घरं बदलली. शेवटचा आकडा
दोनदा खोडून पुन्हा तोच लिहिला.
मी चेकसम जुळवला, पाठवलं.
हिरवी पट्टी भरेपर्यंत
चहावर साय धरली.

रविवारी फोन.
त्र्यंबक रस्ता, अंजनेरीच्या अलीकडचा चढ.
प्रमिलाबाई नेहमीसारख्या पुढे वाकल्या,
डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाल्या, चल गं बाई.
चौदा वर्षं म्हणतायत.
या खेपेला म्हणून होईस्तोवर
चढ संपला होता.

"रुसून बसलीय," निकुंभ म्हणाले.
"म्हणते, माझं ऐकायची ती गाडी."
मागे कुकरची शिट्टी झाली.
मग हळूच,
"मूळ आहे ना रे तुझ्याकडे?"

आहे, म्हटलं.
चटणीच्या डब्यात.