दर दहावी फेरी

फियॉर्डच्या या काठावरून त्या काठाला एकोणीस मिनिटं.
सकाळी पावणेसहाची पहिली तर:
पावाची व्हॅन, कामावर निघालेल्या दोन नर्सा,
ट्रॉम्बोनच्या पेटीवर डोकं टेकून पेंगणारा एक मुलगा,
आणि वर काचेच्या खोलीत कप्तान गुनवोर,
हात मांडीवर.

हात मांडीवर ठेवायला शिकण्यात तिची दोन वर्षं गेली.
सुरुवातीला ते आपसूक उठायचे,
दांड्याच्या आसपास घुटमळायचे,
सुनेच्या ओट्यापाशी उगाच उभ्या सासूसारखे.

हिरवा दिवा म्हणजे यंत्रणेकडे.
पांढरा म्हणजे तिच्याकडे.
मधे एक पिवळा आहे, लुकलुकता.
तेव्हा नक्की कुणाकडे, हे पुस्तिकेत साडेतीन पानं सांगितलंय
आणि तरी कळत नाही.

कंपनीचा नियम असा:
दर दहावी फेरी माणसानं धक्क्याला लावायची,
हात विसरू नयेत म्हणून.
गुनवोर कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघा ओढते.
हे ऐकून तिचा बाप आयलर्ट हसला होता:
पोहणं विसरू नये म्हणून दर दहा दिवसांनी बुडायचं होय?
त्याला इंजिन तळपायांनी ऐकू यायचं.
धक्का जवळ आला की तो बूट काढायचा,
कडाक्याच्या थंडीतसुद्धा, नुसत्या मोज्यांवर.

यंत्रणा बूट काढत नाही.
तिच्या पोटात जर आणि तर,
जर वारा अमुक तर मान इतकी वळव,
जर ओढ तमुक तर...
(माझ्या भाषेत या बोटीलाही तर म्हणतात.
गुनवोरला हे सांगितलं असतं तर,
पण ती कामात होती.)

जानेवारी. सातवी फेरी. पाळी तिची नव्हती.
हवेहून पाणी उबदार, म्हणून पाण्यावर वाफ,
काचेबाहेर नुसतं दूध.
पिवळा दिवा.
पडद्यावर ठिपका, दीडशे मीटरवर.
यंत्रणेनं वेग उतरवला, विचारलं:
अडथळा? बारा सेकंद.

असले ठिपके रोजचेच.
ओंडका, बदकांचा थवा, कधी उगाच एक लाट.
गेल्या आठवड्यात तीन खोट्या हाका.
नऊ सेकंद. नर्सांची ड्युटी.
तिनं दांडा धरला. पांढरा दिवा.
माझ्याकडे, ती मोठ्यानं म्हणाली, शिकवलंय तसं,
रिकाम्या खोलीला,
आणि वेग वाढवला.

मग वाफेतून दोन कान.
कानांखाली लांबुळकं, वैतागलेलं नाक.
एल्क मादी, सांबराची थोरली मावशी,
पोहत पलीकडे निघालेली,
तिकीट न काढता.

पडद्यावर यंत्रणेची तुटक रेघ
अजून तिच्या पुढून जात होती.
पण एल्क थांबत नाही, वळत नाही,
ओढ्याचं तोंड धरून सरळ जाते,
हे गुनवोरला कधी, कुणी सांगितलं, आठवत नाही.
तिनं दांडा पार मागे ओढला,
आणि बोट मागून काढली,
श्वासाएवढ्या अंतरानं.

खाली कुणाचीतरी कॉफी सांडली. एवढंच.

नोंदवहीत दोन चौकोन असतात:
निर्णय कुणाचा, माणूस की यंत्रणा.
आधी पाहिलं तिनं. खोटं ठरवलं मी.
वाचवलं, म्हणजे मी, पण मीच तर...
पेन्सिल दोन्ही चौकोनांमधल्या रेघेवर टेकली
आणि तिथेच टोक मोडलं.
समासात तिनं पेनानं लिहिलं:
एल्क. मागून.

धक्का दिसू लागला तेव्हा दिवा अजून पांढराच होता.
हिरव्याचं बटण अंगठ्याखाली.
हिनं लावली असती लोण्यासारखी.
गुनवोर वाकली, डाव्या बुटाची नाडी सोडली,
उजव्याची राहिली.

जरा घासलीच बोट.
पेटीतल्या ट्रॉम्बोननं एक हलका हुंकार दिला,
मुलगा जागा झाला, म्हणाला, आलो का?