रुमालाखाली

चिंचलीच्या जत्रेत आप्पा बैलांचा दलाल होता.
भाव कुणी तोंडानं बोलत नसे.
खांद्यावरचा रुमाल पडायचा दोन मनगटांवर
आणि आत बोटं बोटांना विचारायची.
एक बोट दाबलं तर काय, पंजा धरला तर काय,
हजारातलं की शेकड्यातलं,
सगळं चामडीला चामडी लागून.
मला त्यानं शिकवलं नाही. पोरीला काय करायचंय, म्हणाला.

पोरगी आता निपाणीत लॅबमध्ये रक्त तपासते.
त्याचंच तपासलं. क्रिएटिनिन नऊ पॉइंट चार.

बेळगावच्या डॉक्टरनं जे इंग्रजीत सांगितलं
ते मी त्याला एसटीत, संकेश्वर येईपर्यंत,
बाजाराच्या भाषेत सांगत होते.

टी-पेशीला डोळे नसतात, आप्पा.
तिला अख्खा जंतू दिसत नाही,
हाताला लागतो तो तुकडा.
अंगातली पेशी न् पेशी
आपल्या चुलीवर काय शिजतंय
त्यातला आठ-नऊ मण्यांचा एक सर
तळहातावर धरून दाराशी उभी असते.
टी-पेशी फिरत येते, हात हातात घेते,
तुकडाही चाचपते
आणि ज्या हातावर तो आहे तो हातही.
हात आपला, तुकडा घरचा: सोडते, पुढं जाते.
हात आपला, तुकडा बाहेरचा: मग मात्र
ती आरडाओरडा करते, आपल्यासारख्या हजार काढते,
आणि ते घर पाडते. आपलंच घर.

“ह्ये शिकवतंय कोण तिला?”

छातीच्या हाडामागं एक शाळा असते.
जिला हात धरताच येत नाही, ती नापास.
जी घरच्याचाच हात करकचून आवळते, तीही नापास.
नापास म्हणजे तिथंच मरायचं.
शंभरातल्या तीन-चार बाहेर पडतात.
तुमच्या वयाला ती शाळा चरबीत बुजून गेलेली असते,
पण शिकलेल्या अजून हिंडतात.

हिरण्यकेशीचा पूल गेला.
मग त्यानं विचारलं, दलालानं विचारावं तसं:
“आणि हातच परका असला तर?”

म्हणून तर तपासण्या.
भरमाकाका आणि लगमाण्णाकाका,
एका ताटात जेवलेले, बोर्डाच्या एका भांडणात
आप्पाच्या दोन बाजूंना उभं राहून लाठ्या खाल्लेले.
भरमाकाकाचे सहापैकी तीन जुळले.
लगमाण्णाकाकाचा भोपळा.
रिपोर्ट वाचताना तो माझ्याकडं असा बघत होता
जणू मीच काहीतरी खोडलंय.

राहिली बाळाबाईआत्या.
गोकाककडं दिली, तिथं बाळव्वा झाली.
बेचाळीस वर्षांत तिची मराठी
परकर-पोलक्याच्या वयाचीच राहिली;
मुलं, भांडणं, हिशेब, देव, सगळं कानडीत.
काकांनी तिला विचारलंच नव्हतं.
मी फोन केला.
“कोड्तीनि,” म्हणाली. आणि मग, मला कळलं नसेल असं वाटून,
“देते गे.”

सहाच्या सहा.

(सहा जुळले तरी गोळ्या जन्मभर.
सातवं, आठवं काहीतरी असतंच,
या फॉर्मवर ज्याला रकाना नाही.
रोज सकाळ-संध्याकाळ त्या फिरत्या बायांना
थोडं गुंगवून ठेवायचं,
इतकंच, की पडसं आलं तर कळावं.)

ऑपरेशनच्या आदल्या रात्री
दोन खाटा जवळ ओढलेल्या.
आत्यानं आणलेल्या शेंगा चटणीवर नर्स चिडलेली.
दोघं बोलत नव्हती.
हॉस्पिटलची हिरवी चादर
दोन खाटांमधल्या फटीवर पसरलेली,
आणि तिच्याखाली काहीतरी हलत होतं.

आत्या एकदम हसली. मान हलवली, नाही.
चादर पुन्हा हलली.
आप्पानं डोळे मिटले, बाजारात मिटायचा तसे,
आकडा चढवताना.

मी सलाईनची गती बघत उभी राहिले.
कितीवर ठरलं
ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही.