शक्यता : कमी

चेअरमन पहिल्याच दिवशी म्हणाले,
"आमच्यात आसलं काय होत न्हाई, म्याडम.
सगळी घरचीच माणसं हाईत."
मी तक्त्यात लिहिलं : घरचीच माणसं.
पुढं तीन चौकटी. कमी, मध्यम, जास्त.
कमीवर खूण केली, पेन्सिलीनं.
शाई नंतर.

शुक्रवार पेठेतली पतसंस्था, वरचा मजला,
खाली पिठाची गिरणी.
प्रत्येक फाईलवर बारीक पांढरा थर.
बोट फिरवलं की कळतं
कुठली किती वर्षं कुणी उघडलेली नाही.

तिजोरीच्या किल्ल्या दोन,
दोन माणसांकडं असाव्यात असा नियम.
दोन्ही एकाच खिळ्याला.
"येळ वाचतो."
पासवर्ड सगळ्यांचा एक,
संस्थेचा वर्धापनदिन,
जो बाहेरच्या पाटीवरही रंगवलाय.

मी कुणावर संशय घेत नाही.
एवढंच मोजते,
की इथं एखाद्या भल्या माणसाला
घसरायचं झालं तर पायऱ्या किती.

चुलीला तीन दगड लागतात.
एक घरातली नड, बायकोलाही न सांगितलेली.
एक मनाची समजूत,
"पुढच्या महिन्यात भरतोच की."
हे दोन मला दिसत नाहीत.
तिसरा मात्र इथला, ऑफिसातला,
उघड्यावर पडलेला.
तो हलवायचा मला पगार मिळतो.

रंगराव मगदूम, पिग्मी एजंट.
अठरा वर्षांत एक रजा नाही.
भिंतीवर फोटो आहे, फेटा, शाल, नारळ.
तापानं फणफणत फेरी केली,
मुलीच्या हळदीदिवशीही केली.
सगळे हे कौतुकानं सांगत होते.
मी लिहिलं : दहा दिवस सक्तीची रजा.
संचालक चिडले.
रंगराव हसले फक्त,
मला चहा मागवला,
आणि बशीत ओतताना त्यांचा सांडला.

तिसऱ्या दिवशी कपिलतीर्थ मार्केट.
इरफान मुल्लाणी, नवा पोरगा, हातात मशीन,
मागून मी.
हौसाक्का मेथीवर पाणी मारत होती.
"मावशी, तुमचं पुस्तक?"
"रंगूतात्यांकडंच असतंय की.
हरवंल म्हणून त्येंनीच ठिवलंया."
शेजारची लिंबूवाली म्हणाली, माझंबी.
पलीकडून कांदेवाला, आमचंबी.
चांगल्या माणसाचं नाव काढावं तसं
एकेक जण सांगत गेला.
एक्केचाळीस गाळे. तेवीस पुस्तकं तात्यांकडं.
इरफाननं मशीनकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.
हौसाक्काचे रोजचे शंभर,
आमच्या यादीत चाळीस.

निघताना तिनं एक पेंडी पुढं केली.
"तात्यास्नी द्या. रजेवर कसं काय?
बरं हाईत न्हवं?"

संध्याकाळी तक्ता उघडला.
नवा नियम लिहिला : पुस्तक ज्याचं त्याच्याजवळ.
हौसाक्काला हा अविश्वास वाटेल,
तिला समजवायला मलाच जावं लागेल,
आणि काय सांगणार आहे मी.

शक्यतेच्या चौकटीतली पेन्सिल खोडली.
घडून गेलेल्या गोष्टीला
कमी काय नि जास्त काय.
खाली गिरणी चालू झाली,
टेबल थरथरलं.
मेथीच्या पेंडीवर हळूहळू
पीठ बसत होतं.