जरा कळ काढ

पहाटे पाचला कत्तलखान्यातून गेथिनचा फोन:
"तीन आहेत आज. त्यातली एक गाभण.
कुणाच्या लक्षात आलं नाही."
मी बर्फाचा डबा घेऊन निघते.
ॲबरिस्टविथचा समुद्र अजून काळा,
धक्क्याखाली भोरड्यांच्या जातीचे पक्षी
हजारांनी झोपलेले.

हातमोज्यातून गर्भाशयाची ऊब लागते.
बावीस वर्षं झाली, तरी दरवेळी थांबते क्षणभर.
नमस्कार वगैरे नाही.
नुसती थांबते.

माझं प्रथिन फार लहान.
नऊ हजार डाल्टन,
म्हणजे प्रथिनांच्या बाजारात चिल्लर.
जेलमध्ये सगळ्यांच्या पुढे पळतं.
लेकीचा फोन लांबला
की तळातून निसटून बफरात जातं,
आणि दिवसभराच्या कामाची कोरी फिल्म
हातात घेऊन मी घरी.

त्याला हात आहेत. शास्त्रातही हातच म्हणतात:
अंगठा आणि तर्जनी ताणलेली,
बेचक्यात कॅल्शियमचा एकच कण.
असे दोन हात.
पान खाणारा नखावर चुना घेतो,
त्या चुन्यात असे किती कण,
मोजायला बसू नये.

आतड्यात ते उन्हाचं ऐकतं, ड जीवनसत्त्वाचं
(वेल्समध्ये म्हणजे फारसं कुणाचंच नाही).
गर्भाशयात आलं की ऊन विसरतं,
अंडाशयाचा शब्द पाळतं.
मोठ्या पांढऱ्या उंदरात इस्ट्रोजेनने हाक मारली की हजर,
प्रोजेस्टेरॉन त्याला मागे ओढतं.
छोट्या उंदरात जवळजवळ उलटं.
आणि मेंढीत?
मेंढीत माझी बावीस वर्षं गेली.

मोकळं कॅल्शियम स्नायूला सांगतं, आवळ.
आवळला की कळ.
म्हणून हे हात कण धरून ठेवत असावेत,
दिवस भरेपर्यंत.
निबंधात मी लिहिते, "शक्यता आहे".
मनात मात्र जतच्या आमच्या सुईणबाई बोलतात,
तोंडात मिश्री, हात कोपरापर्यंत ओले:
"जरा कळ काढ गं. वेळ झाली नाही अजून."

दुखणं आणि थांबणं, एकाच शब्दात.
गेथिनला हे समजावताना माझं इंग्रजी संपलं.
तो म्हणाला, मेंढ्यांना कळत असेल.

गेल्या मार्चमध्ये त्याच्या बहिणीच्या शेडमध्ये
एक मेंढी आडवी पडली होती,
पोटात दोन कोकरं, मान मागे वळलेली.
त्यांनी तिच्या हाडातून चुना ओढला होता
आणि रक्तात उरला नव्हता.
नेरिसने बाटली किटलीच्या पाण्यात कोमट केली,
बरगड्यांवरची कातडी चिमटीत धरून सुई घातली.
आम्ही गवताच्या गाठोड्यावर चहा प्यायलो.
अर्ध्या तासाने मेंढीने ढेकर दिली,
लेंड्या टाकल्या,
आणि आमच्याकडे न बघता उठून चरायला गेली.
"हे तुम्ही शोधलं?" नेरिसने विचारलं.
म्हटलं, नाही बाई.
हे तुझ्या वडिलांनाही माहीत होतं.
मी फक्त हात मोजते.

इस्पितळाचं पत्र आठवडाभर फ्रीजवर पडून आहे:
कंबरेचं हाड, उणे दोन पूर्णांक सहा.
माझ्या अंडाशयाने बोलणं सोडून
दोन वर्षं झाली.
अंडाशय काढलेल्या उंदरांचे आकडे
माझ्याच वहीत आहेत, माझ्याच अक्षरात:
चौथी रांग, काही नाही.
पाचवी रांग, इस्ट्रोजेन दिल्यानंतर, पुन्हा दिसू लागतं.
डॉक्टरीण म्हणाली, गोळ्यांचा विचार करा.
मी म्हटलं, बघू.
मग स्वतःचंच हसू आलं.

आज संध्याकाळी फोन बंद ठेवला.
जेल वेळेत थांबवलं.
तीन मेंढ्या, तीन रांगा.
दोन फिकट.
तिसरीच्या तळाशी काळीकुट्ट पट्टी,
शाई सांडावी तशी.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
ह्यांच्या आलं होतं.