मुशीचं तेल

साखरी नाट्याच्या जेटीवर आमचं गॅरेज.
पाटी अजून बाबांच्या नावाची: इंजिन, पंखा, शाफ्ट.
खाली मी खडूनं लिहिलंय:
कवचं दुरुस्तीला घेत नाही.

तरी रमजान गोलंदाज आला.
दारातली फळी त्याच्या पायाखाली कण्हली.
एकशे चाळीस किलो.
त्यात तू किती, विचारलं, तर म्हणाला,
"एकेचाळीस. मागल्या तपासणीला."

बंदूक सरकारनं काढून घेतली, पावती दिली.
कणा ठेवला, तो काढला तर माणूस उरत नाही.
दोन्ही पाय, उजवा हात, मानेखालचं पोलाद
सेवेबद्दल भेट म्हणून त्याच्या नावे केलं,
आणि मार्चअखेर हमी संपली.
कागदावर बारीक अक्षरात:
खाऱ्या हवेपासून दूर ठेवावे.
त्याच्या अम्मीचं घर
भरतीच्या रेषेपासून बावीस पावलांवर.
लढाईत ही अट नव्हती.

गुडघा अडकतोय का?
"गुडघा असू दे गो. हाताचं बघ."
रात्री पावणेतीनला उजवा हात आपोआप उठतो,
पत्र्यातल्या भोकावर नेम धरतो,
तासभर खाली येत नाही.
अम्मी उठते, त्याच्यावर चादर टाकते,
दोरीवर वाळत घातल्यासारखी,
आणि परत झोपते.

कोपराचं झाकण उघडलं. बारा स्क्रू.
आत वाळू.
पांढरी, मैद्यासारखी. आपली अशी नाही,
आपली काळपट, नखात रुतणारी.
आणि वाळूत चिकटलेलं एक खवलं,
अंगठ्याच्या नखाएवढं, कडेला तांबूस.
तांबोशीचं.
किंवा तिच्या तिकडच्या बहिणीचं.

खवलं असं उडतं
ते कुणी मासा साफ करत असलं तरच.
उकिडवं बसून, पाठमोरं,
शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढत,
शेजारी पाण्याचा डबा.

मी मान वर केली नाही.
काय सापडलं, त्यानंही विचारलं नाही.
बाहेर लिलाव चालू होता,
साडेतीनशे, साडेतीनशे, कोण चारशे,
आणि मी ते खवलं नटांच्या डब्यात ठेवलं,
आठ नंबरच्या वायसरांजवळ.

नेम धरणारी चिप मला कळत नाही.
तिला कुलूप आहे, किल्ली कंपनीकडे.
मला खटका कळतो.
खटक्याच्या बोटाची तार सोडवली,
ट्रॉलरच्या क्लचची जुनी स्प्रिंग बसवली.
बोट आता मिटायला सतरा सेकंद घेतं.
सतरा सेकंदांत पळता येतं.
निदान मागं वळून बघता येतं.

मग सांध्यासांध्यात मुशीचं तेल.
बाबा होडीच्या फळ्यांना चोपडायचे,
तीन दिवस जेवण जायचं नाही असा वास.
रमजाननं नाक मुरडलं.
नाक त्याचं स्वतःचं.
"याचा वास येतो मला," म्हणाला,
आणि बराच वेळ नुसता बसून राहिला,
तेल ठिबकत होतं तरी.

पैसे विचारले. म्हटलं, मासळी मिळाली की दे.

आज पहाटे इस्माइल तांडेलनं त्याला
दोर ओढायला होडीवर घेतलं.
तो चढला तशी होडी उजवीकडे कलली.
पोरांपैकी एक हसला, मग गप्प झाला.
तांडेलनं बर्फाच्या चार लाद्या
डावीकडे सरकवल्या,
जरा थांबला, डोळ्यांनी पाणी मापलं,
आणि पाचवी.

बर्फ दुपारपर्यंत विरघळेल, मी जेटीवरून ओरडले.
तोवर, तो म्हणाला, मासे येतील.