पाठीवरचा नंबर

सतरा.
चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना,
बिराजदार सर म्हणाले, हलू नका मॅडम, टोचेल.

मी औसा रोडला फ्लेक्स करते.
निकालाच्या दिवसांत रात्र रात्र पोरांचे चेहरे कापते :
पहिला आलेला दाराएवढा,
दहावा वहीएवढा,
चाळिसावा काडेपेटीवरच्या चित्राएवढा.
एकदा एक आई दुकानात आली,
म्हणाली, ह्याचा जरा मोठा करता येईल का हो,
गावाकडं ओळखू येत नाही.
मी म्हणाले, साइझ क्लासवाल्यांनी ठरवून दिलीय.
माऊस माझ्याच हातात होता.

त्या रविवारी मंगल कार्यालय भाड्यानं घेतलेलं.
कोपऱ्यात कालच्या लग्नाच्या अक्षता,
नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांत पुण्याचे परीक्षक
जरा अवघडून बसलेले.
साल्सा. नांदेड, बीड, सोलापूरहून आलेली माणसं.
जोडीदार आपला आपण आणायचा नाही,
स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघेल तो आपला.
माझी निघाली :
इलियास तांबोळी, रेडिएटर रिपेअर, उदगीर.

त्याआधीचा महिना मी नाचलेच नव्हते.
कपाटाच्या आरशापुढं
एक-दोन-तीन, पाच-सहा-सात.
चार आणि आठ मोकळे असतात,
तिथं पाय टेकून श्वास घ्यायचा असतो.
मी तिथंही नांदेडच्या अंजुमला बसवलं होतं.
तिची गिरकी मोबाइलवर थांबवून थांबवून बघायची,
कुठं तरी टाच घसरली असेल म्हणून.
क्लासात नवी भागीरथी माझ्यासोबत पाऊल चुकली
तेव्हा मी तिला हसले नाही,
घड्याळात बघितलं.
तिनं ते बघितलं.

इलियासभाईंचा तळवा ओला, नखांत ग्रीस.
“घाबरायलाव का मॅडम?”
“तुम्ही?”
“मी तर लई.”

गाणं लागलं.
त्यांनी डावीकडं खुणावलं, मी उजवीकडं गेले
आणि थेट अकरा नंबरच्या अंगावर.
माझी मान आपोआप लाल खुर्च्यांकडं वळली.
एक पेन कागदावर चाललेलं दिसलं.
काय लिहिलं असेल, किती कापले असतील,
तेवढ्यात दोन मात्रा गेल्या, तिसरी जायला लागली,
आणि इलियासभाई म्हणाले,
“इकडं बघा की.
तुमचा नंबर पाठीवर हाय,
मला काय तो दिसत नाही.”

मला त्यांच्या मिशीतला एक पांढरा केस दिसला.
ओठ हलत होते, एक-दोन-तीन,
मग चारवर थांबले, आणि मीही थांबले,
खूप दिवसांनी.
पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही.
बोटं सैल झाली. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं,
ती मी होते.

सात जोड्यांत पाचव्या आलो.
वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल,
जिन्यात दोन-तीन मिनिटं चांगलंच वाटलं.
पहिली अंजुमच.
पाण्याच्या जारपाशी तिनं माझ्यासाठी ग्लास विसळला,
म्हणाली, टाच फार दुखते हो माझी, दोन वर्षं झाली.
मी ती टाच किती वेळा थांबवून बघितली होती
आणि दुखणं तेवढं दिसलं नव्हतं.

बक्षिसं वाटून झाल्यावर सगळ्यांसाठी गाणी लावली.
भागीरथी भिंतीशी उभी होती.
हात पुढं केला तर आधी तिनं माझ्या मनगटाकडं बघितलं.
घड्याळ पर्समध्ये ठेवलं होतं.
ती पुन्हा चुकली. मग मीही.

रात्री गंजगोलाईतून चालत निघाले.
सोळा रस्ते येऊन मिळतात इथं,
त्यातला पहिला कुठला, मला अजून माहीत नाही.
केळीवाला गाडा झाकता झाकता ओरडला,
“ओ ताई, मागं काय चिकटलंय? सतरा!
शर्यतीला गेलताव का?”

हात मागं नेला. पिन टोचली.
“नाही हो,” म्हणाले,
“नाचायला गेलते.”